शिरोलीच्या काकांना, कॅरियरच्या पत्र्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही कोल्हापूरला पोचून दोन आठवडे झाले, फोनवर थँक्यू म्हणालो पण ते पुरेसं वाटेना, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, मेलबर्नजवळ माझ्या शेडमध्ये एक ब्रेन कॅरियर आहे, दुसऱ्या महायुद्धातली ट्रॅकवर चालणारी छोटी उघडी गाडी, फोर्डचं व्ही-८ इंजिन. जगभरात १ लाखाच्या वर बनल्या, ऑस्ट्रेलियात तर रेल्वेच्या वर्कशॉपमध्येही, आणि युद्ध संपल्यावर इथल्या शेतकऱ्यांनी घेऊन खोडं ओढायला वापरल्या. माझी अशीच एका शेतात पडून होती. वरून उघडी, त्यामुळे पाणी पाला माती सगळं तळात साचलेलं, चिलखताची प्लेट जाड म्हणून तगली पण तळाचा पत्रा आणि मडगार्ड म्हणजे चाळणी.

काका मुलाकडे सहा महिने आले होते, फिरायला जाताना ग्राइंडरचा आवाज ऐकून गेटपाशी थांबले आणि पहिलंच वाक्य, "गंजावरच वेल्डिंग करतोयस व्हय?"

काका, तुम्ही छोटी हातोडी घेऊन अख्खा तळ वाजवत गेलात, जिथे आवाज भद्द येईल तिथे खडूची खूण, आणि खुणा माझ्या अंदाजाच्या दुप्पट झाल्या, त्यात माझे आधीचे पॅचही होते. खरं सांगतो, तेव्हा राग आला होता. पण घासून बघितलं तर माझ्या वेल्डमध्ये नुसती बारीक भोकं. सगळं कापलं. मग पुठ्ठ्याचं टेम्प्लेट, पॅचचे कोपरे गोल, मागून तांब्याची पट्टी म्हणजे आरपार जळत नाही, आणि वेल्डिंगचे छोटे टाके, एकमेकांपासून लांब लांब. "पत्रा हाताला सोसंल तवाच फुडचा टाका." चिलखताजवळ मात्र गॅसचा टॉर्च आणू दिला नाहीत, त्या प्लेटचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरेल म्हणून. तळाचे जाम बोल्ट सोडवायची युक्तीही तुमचीच, नट लाल करून मेणबत्ती टेकवायची, मेण आट्यांत शिरतं आणि नट फिरतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

आणि तो ड्रम! इथे लहान पार्ट मोलॅसिसमध्ये बुडवून ठेवतात, १ भाग मोलॅसिस ९ भाग पाणी. तुम्ही झाकण उघडलंत आणि म्हणालात, "ही तर आपली मळी की रं!" मग रोज सकाळी ढवळायला यायचात. तीन आठवड्यांनी ब्रॅकेट बाहेर काढले तेव्हा करडं स्वच्छ लोखंड, कारखान्याचा नंबरसुद्धा वाचता आला.

शेवटच्या आठवड्यात मी सहज म्हणालो की इटलीत आपल्या मराठा पलटणींकडेही हेच कॅरियर होते. तुम्ही हातातलं काम ठेवलंत. तुमचे थोरले चुलते १९४४ ला इटलीत होते हे तोपर्यंत एकदाही बोलला नव्हतात. प्लेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिलात, मी काही विचारलं नाही.

डाव्या बाजूचा मागचा पॅच तुम्ही मला एकट्याला करायला ठेवलात, तो झालाय, फोटो पाठवलेत, मागच्या बाजूचेही. रेड ऑक्साइड प्रायमर अजून मारलेलं नाही, तुम्ही बघितल्याशिवाय मारणार नाही. रविवारी इथे दुपारी तीनला व्हिडिओ कॉल करतो, तुमच्याकडे सकाळच असेल, हातोडीने वाजवून दाखवतो, आवाज ऐकून सांगा.

तुमचा,
शेडवाला