विमानतळावर सायकलला एक कोपरा हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या विमानतळांच्या सोयींबद्दल सध्या भरभरून लिहिले जाते. 2024 मध्ये पुण्याला लोहगावचे नवे टर्मिनल मिळाले, 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहून विमाने उडू लागली. या वर्णनांत दुकाने असतात, लाउंज असतात, चेहरा ओळखून आत सोडणारी यंत्रे असतात. सायकल घेऊन निघालेल्या माणसाने तिथे काय करायचे, एवढे मात्र कुठे वाचायला मिळत नाही. हे पत्र सिंगापूरच्या चांगी विमानतळावर तैपेईच्या विमानाची वाट पाहत लिहिते आहे. वेळ भरपूर आहे, त्यामुळे लांबले तर कात्री आपल्या हाती आहेच. माझी कात्री सायकलच्या खोक्यात गेली.

आम्ही नाशिकच्या काही जणी तैवानला सायकलने प्रदक्षिणा घालायला निघालो आहोत. विमानात सायकल न्यायची तर आधी दुकानदाराकडून नव्या सायकलचे रिकामे खोके मागून आणायचे. पुढचे चाक काढायचे, हँडल वळवून फ्रेमला बांधायचे, सीट उतरवायची, पेडल सोडवायची (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावणारे बरेच). मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) सोडवून कापडात गुंडाळायचा. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची पट्टी सरकवायची. एवढे केले की वजन अठरा-वीस किलोत बसते, पण खोक्याची लांबी, रुंदी, उंची मिळून सव्वादोन-अडीच मीटर भरते. साध्या बॅगेला बहुतेक कंपन्यांची मर्यादा 158 सेंटिमीटर. रड सुरू होते ती इथे.

काही कंपन्या सायकल नेहमीच्या वजनातच धरतात, काही वेगळे शुल्क घेतात, काहींना आगाऊ कळवावे लागते. नियम वेगवेगळे असायला माझी हरकत नाही. पण एकाच कंपनीने फोनवर एक आकडा सांगावा आणि काउंटरवर दुसरा, हे काय? आपल्याकडच्या एका विमानतळावर आमचे हेच झाले. विमानतळाचे आणि कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दुसरीकडे वेगळे काही घडले असते असे वाटत नाही. सामान उचलणाऱ्या मुलाने आधी विचारले, "काकू, टीव्ही आहे का?" काउंटरवरची मुलगी बोलायला गोड होती, पण तिच्या संगणकात सायकलचा पर्यायच सापडेना. तिने वरिष्ठांना बोलावले, त्यांनी आणखी कोणाला तरी फोन लावला. मागच्या रांगेतले लोक आमच्याकडे कसे बघत होते ते लिहीत नाही.

मग टायरमधली हवा. काउंटरवरून हुकूम आला, "पूर्ण काढा, नाहीतर वर गेल्यावर फुटेल." खरे तर विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यातही प्रवाशांच्या कप्प्यासारखाच दाब राखलेला असतो. 80 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) भरलेल्या टायरला त्याने फार तर चार पीएसआयचा फरक पडतो. हे सांगून उपयोग नव्हता. खोके उघडले, हवा काढली, पुन्हा चिकटपट्टी मारली. मोठ्या सामानाचे तपासणी यंत्र दुसऱ्या टोकाला, आणि ढकलगाडीवर खोके आडवे टाकले की ते खांबांमधून निघत नाही. सोडायला आलेली मंडळी मदतीला येऊ शकत नाहीत, कारण तिकिटाशिवाय दारातून आत प्रवेश नाही. शेवटी मोडतोड झाल्यास कंपनी जबाबदार नाही, अशा कागदावर सह्या करून आम्ही मोकळ्या झालो.

त्यानंतरचे वाट पाहणे कसले असते ते सायकलवाल्यालाच कळेल. इतर प्रवासी खुर्चीत पाय पसरून झोपतात. आम्ही विचार करत बसतो की खोके उभे ठेवले असेल की आडवे, आडवे असेल तर त्यावर किती बॅगा रचल्या असतील. डिरेलरचा हँगर बोटभर पट्टी असते, पण ती वाकली तर गिअर पडत नाहीत आणि परक्या गावात पहिला दिवस दुकान शोधण्यात जातो.

कडक नियमांना माझा विरोध नाही, हेही नोंदवते. इ-सायकलची बॅटरी बहुधा 300 वॅट-अवरच्या पुढची असते आणि प्रवासी विमानात 160 च्या वरची लिथियम बॅटरी चालत नाही. ते योग्यच आहे, तिथे हुज्जत घालू नये. मला हवा आहे तो लिहून लावलेला नियम. आपल्या रेल्वेच्या पार्सल ऑफिसात सायकल बुक करणे कटकटीचे खरे, पण तिथे दर ठरलेला असतो आणि हातात पावती पडते.

आता इथले. चांगीला ईस्ट कोस्ट पार्कशी जोडणारा साडेतीन किलोमीटरचा सायकल आणि पायी रस्ता 2020 मध्ये सुरू झाला. दोन नंबरच्या टर्मिनलपाशी भाड्याने सायकल मिळते, घामेजून आलात तर पैसे भरून अंघोळही करता येते. आमच्याकडे सिंगापूरचा व्हिसा नाही, त्यामुळे हे सुख काचेच्या अलीकडूनच. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळालगत तर 23.5 किलोमीटरचा फक्त सायकलींसाठीचा ट्रॅक आहे. जपानमध्ये ओनोमिची ते इमाबारी हा सुमारे 70 किलोमीटरचा, बेटांवरून आणि पुलांवरून जाणारा शिमानामी काइदो मार्ग सायकलवाल्यांचा लाडका. इमाबारीच्या बाजूने जायचे तर मात्सुयामाला उतरायचे, आणि त्या विमानतळावर सायकल जोडण्यासाठी वेगळी जागाच राखलेली आहे.

तैवानची गोष्ट आणखी वेगळी. जायंट या सायकल कंपनीचे संस्थापक किंग लिऊ यांनी 2007 मध्ये, वयाच्या 73 व्या वर्षी सायकलने बेटाला फेरी मारली आणि ऐंशीला टेकल्यावर पुन्हा मारली. 2015 मध्ये तिथल्या सरकारने साडेनऊशे किलोमीटरच्या आसपासचा सलग मार्ग खुणा लावून दिला. वाटेतल्या अनेक पोलिस चौक्यांत पंप, अवजारे आणि प्यायला पाणी मिळते. आपल्याकडे शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, चौकीचीही आपण टाळतोच. तिथे हवा भरायला चढायची आहे, बघू कसे वाटते.

महाराष्ट्रात ही मागणी करणारे मूठभर हौशी आहेत असे कोणी म्हणू नये. 2015 मध्ये आमच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. 2017 मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पूर्ण केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये विशीतच जगप्रदक्षिणा संपवली. खंड बदलताना सायकलीला विमानात बसावेच लागते. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूरसाठी परदेशी संघ आले, त्यांच्या सायकलीही आकाशमार्गेच आल्या. शर्यतीसाठी रस्ते गुळगुळीत झाले, तसा विमानतळावर एखादा कोपराही व्हायला हरकत नव्हती.

दहा बाय दहा फुटांची जागा, सायकल टांगायचा एक स्टँड, उभा पंप, साखळीने बांधलेली अवजारे, चिकटपट्टीचे रीळ आणि उतरलेल्या प्रवाशांची रिकामी खोकी ठेवायला भिंत. शेजारी मराठी-इंग्रजी फलकावर प्रत्येक कंपनीचा सायकलचा दर, खोक्याचे चालणारे माप आणि टायरच्या हवेबद्दल एकदाचा काय तो निर्णय. दर जाहीर करण्याची सक्ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने करावी, बाकीचे विमानतळाला स्वतःच्या अखत्यारीत करता येईल. मुंबई-पुण्यासारखी गर्दी नसलेल्या आमच्या ओझरला हा प्रयोग सहज करून पाहता येईल. खर्चाची अडचण असेल तर स्टँड आणि पंप आम्ही सायकलवाली मंडळी वर्गणी काढून देऊ. जागा आणि फलक तेवढा विमानतळाने द्यावा.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक