चौथीनंतर मुलं कुठं पोचली, कुणी बघतंय का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर २२ वर्षं शिकवतेय. दरवर्षी मुलांची माहिती ऑनलाइन भरायची, आधार, जात, वजन-उंची सगळं, नेट नसलं तर रात्री घरी बसून, पण एवढं भरून ती मुलं पुढं आईबापापेक्षा दोन पैसे जास्त कमवायला लागली का हे कुणालाच सांगता येत नाही.

अमेरिकेत हार्वर्डचे प्रोफेसर राज चेट्टी (जन्म दिल्लीचा, नऊ वर्षांचे असताना तिकडं गेले) यांच्या टीमनं नेमकं हेच केलं. इन्कम टॅक्स आणि जनगणनेचे रेकॉर्ड नावं गाळून जोडले आणि सुमारे २ कोटी मुलं मोठेपणी किती कमावतात त्याचा वस्तीवार नकाशा २०१८ मध्ये सगळ्यांना खुला केला. त्यांच्या आधीच्या अभ्यासात अमेरिकेतल्या ५० मोठ्या शहरांत शार्लट हे शहर शेवटचं आलं होतं, म्हणजे शहर बँकांचं, पैसेवालं, पण तळातल्या २० टक्के घरांतलं मूल वरच्या २० टक्क्यांत जायची शक्यता ४.४ टक्के, तिथल्याच सॅन होजे शहरात १२.९. शहरानं ते मनावर घेतलं, टास्क फोर्स नेमला, आणि २०२४ च्या अभ्यासात शार्लट ३८ व्या नंबरावर आलं.

मला सगळ्यात लागलं ते त्यांचं २०२२ चं काम. फेसबुकच्या ७ कोटींवर लोकांच्या मैत्रीचा डेटा बघितला तर जिथं गरीब घरातल्या मुलांची बऱ्या घरातल्यांशी दोस्ती होते तिथली गरीब मुलं जास्त वर येतात. आमच्या गावात बऱ्या घरची मुलं सकाळी व्हॅननं इंग्लिश मीडियमला जातात, माझ्या वर्गात मजुरांची उरतात, एकमेकांची नावंसुद्धा माहीत नाहीत हो.

आपल्याकडं इन्कम टॅक्स भरणारे थोडे, त्यामुळं तसंच्या तसं जमणार नाही, मान्य. पण युडायसवर (शाळांची माहिती भरायची सरकारी वेबसाइट) मुलांची नोंद आहे, महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीची, नोकरी लागली की पीएफचं खातं निघतं. नावं गाळून हे जोडा, एकट्यादुकट्या मुलाचं नको, तालुक्याची सरासरी तरी छापा. २०२७ ची जनगणना येतेच आहे, तयारी आत्ताच करावी लागेल.

२००९ च्या माझ्या चौथीत ३१ मुलं होती. आठ जणांचं मला माहितीय. बाकीची २३ कुठं आहेत?

– एक प्राथमिक शिक्षिका, सातारा