वसुबारसेला थांबलेल्या मुलास

चि. रक्तदात्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाव विचारलं तर ‘राहू द्या ना, काकू’ म्हणालास, आणि रक्तपेढीवाले दात्याचं नाव सांगत नाहीत. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर. माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, तेव्हा अरेतुरे करते.

यांना रक्ताचा कॅन्सर आहे. केमोनंतर प्लेटलेट्स १४ हजारांवर आले होते आणि धनत्रयोदशीला पाठीच्या कण्यातून पाणी काढून तिथेच औषध सोडायचं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ५० हजारांच्या वर गेल्याशिवाय सुई घालणार नाही. आत रक्तस्राव झाला तर मज्जारज्जूवर दाब येतो. एकाच दात्याचे मशीनवर काढलेले प्लेटलेट्स, म्हणजे एसडीपी, हवे होते. ती पिशवी जेमतेम ५ दिवस टिकते, त्यामुळे कोणी साठा करून ठेवू शकत नाही. आणि दिवाळीत पुणं रिकामं होतं. कॉलेजं बंद, हॉस्टेलं ओस, शिबिरं नाहीत. ज्याला फोन करावा तो म्हणे, ‘वहिनी, गावी निघालोय.’ माझा भाचा धावत आला, पण आदल्या दिवशी त्याने ॲस्पिरिन घेतलेली, त्याला परत पाठवलं. सोसायटीतल्या एका मुलाच्या शिरा बारीक निघाल्या.

मग तू आलास, पाठीवर सॅक. वाकडेवाडीहून जळगावची गाडी होती तुझी. आधी तपासण्या, मग दीड तास मशीनला जखडून पडायचं. दार अर्धवट उघडं होतं, म्हणून ऐकू आलं, ‘आई, पुढच्या गाडीने येतो गं. नाही, काही झालं नाही मला.’ मध्येच ओठांना मुंग्या येतायत म्हणालास. रक्त गोठू नये म्हणून घालतात त्या औषधाने कॅल्शियम उतरतं म्हणे. टेक्निशियनने गोळी दिली, ती चघळत तू पुन्हा छताकडे बघत पडलास. त्या दिवसांत, सणाच्या गर्दीत, पुढच्या गाडीत जागा मिळणं काय असतं ते पुणेकरांना सांगायला नको. तिकिटाचे पैसे पुढे केले तर हात मागे घेतलास.

पिशवी वरणाच्या निवळीसारखी फिकट पिवळी होती. वॉर्डात ती यांच्या हाताला लागली तेव्हा मी थेंब न् थेंब बघत बसले. सकाळी रिपोर्ट आला, ५२ हजार. सुई त्याच दिवशी झाली. संध्याकाळी हे आडवे पडूनच म्हणाले, ‘पोरगा पोचला असेल का गं घरी?’

आता हे घरी आहेत. अजून केमो बाकी आहेत, प्लेटलेट्स पुन्हा लागतील. आमच्या मुलाने आणि त्याच्या दोन मित्रांनी रक्तपेढीत नावं नोंदवली आहेत. एसडीपी ४८ तासांनी पुन्हा देता येतं, वर्षात २४ वेळा, हे आम्हालाही तेव्हाच कळलं. जे पुण्यातच असतात त्यांनी सणाच्या आधी नाव देऊन ठेवावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

तुझ्या आईंना माझा नमस्कार सांग. सणाच्या दिवशी त्यांना ताटकळत बसावं लागलं ते आमच्यामुळे.

आमच्याकडे फराळ यंदा उशिरा झाला. तुझा डबा रक्तपेढीच्या काउंटरवर ठेवला आहे. तिथल्या ताई तुला फोन करणार आहेत. चकल्या भाजणीच्या आहेत, लवकर घेऊन जा.

तुझी,
काकू