कचरा किती उचलला ते कळतं, परत वापरात किती आला ते सांगा

मा. संपादक, नमस्कार.

स्वच्छ सर्वेक्षणाचा निकाल लागला की नाशिक कितवं आलं ते पेपरात ठळक छापून येतं, २०२० ला आपण देशात अकरावे होतो तेव्हा आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर दोन दिवस अभिनंदन चाललं होतं. आनंद मलाही झाला. पण मी अंबडच्या एका कारखान्यात २६ वर्षं स्टोअर सांभाळलंय, त्यामुळे नंबर दिसला की मी आधी रजिस्टर शोधतो.

कारखान्यात पत्रा किती टन आला, त्यातून जॉब म्हणजे तयार भाग किती गेले, स्क्रॅप किती निघालं, ते कोणी उचललं आणि भट्टीला गेलं का, हा हिशोब महिनाअखेरीला जुळवूनच घरी जायचं. शहराचा असा हिशोब मी आजवर पाहिलेला नाही. सर्क्युलर इकॉनॉमी म्हणजे तरी काय, वस्तू, पाणी, माती एकदा वापरून फेकायची नाही, फिरती ठेवायची, मग किती फिरलं ते मोजायलाच हवं ना. २०२४ ला यासाठी आयएसओ ५९०२० नावाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड पण आलंय, त्यात आत येणाऱ्या मालात परत वापरलेलं किती, रिसायकल केलेलं किती आणि बाहेर पडणाऱ्यातलं किती पुन्हा कामाला आलं, असंच विचारलंय. आमच्या स्टोअरचंच गणित आहे ते! ॲमस्टरडॅमने २०३० पर्यंत नवा कच्चा माल निम्म्यावर आणायचा असं जाहीर करून टाकलंय, जमेल न जमेल ते पुढचं, पण त्यांना विचारायला एक आकडा तरी लोकांच्या हातात आहे.

आपल्याकडे विषय भरपूर आहेत. घंटागाडी आपण कधीपासून चालवतोय, बाहेरची शहरं ती बघायला यायची. पाथर्डीच्या खतप्रकल्पात खत किती टन बनलं हा आकडा मला अर्धाच वाटतो, त्यातलं विकलं किती आणि निफाड-दिंडोरीच्या ज्या बागाईतदाराने एकदा नेलं तो दुसऱ्या वर्षी परत मागायला आला का, हे कळलं पाहिजे, कारण खतात काच-प्लॅस्टिक निघालं तर द्राक्षवाला पुन्हा फिरकणार नाही आणि तो फिरकला नाही म्हणजे घराघरातला ओला-सुका नीट वेगळा होत नाहीये. एवढ्या एका आकड्यात सगळं कळतं. जर्मन मदतीतून मैला आणि हॉटेलातलं खरकटं यापासून वीज करायचा प्रकल्प उभा राहिला, त्याचंही तेच, क्षमता किती हे सांगू नका, या महिन्यात खरकटं किती आलं आणि वीज किती युनिट झाली ते सांगा. तपोवन, आगरटाकळीला शुद्ध केलेल्या सांडपाण्यातलं बागांना, बांधकामांना किती गेलं आणि गोदावरीत किती सोडलं, हे पण.

आणि भंगारवाले! अंबड लिंक रोडच्या भंगार बाजाराकडे आपण अतिक्रमण म्हणूनच बघत आलो. पण डोक्यावर गोणी घेऊन फिरणाऱ्या बायका, रद्दीवाले, जुने मिक्सर-मोटारी खोलून तांबं काढणारे, या लोकांनी वाचवलेला माल कुठल्या खात्यात धरायचा? माझ्या मते शहराचं खरं रिसायकलिंग हेच लोक करतात. त्यांना धरल्याशिवाय काढलेला कुठलाही स्कोअर मी तरी मानणार नाही.

२०२७ चा कुंभमेळा तोंडावर आहे. मंडप, बॅरिकेड, फ्लेक्स, पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या, केवढा माल शहरात येईल. निदान त्याचं तरी आवक-जावक रजिस्टर पहिल्या दिवसापासून ठेवा, ठेकेदाराचं बिल काढताना किती माल परत वापरात गेला त्याची वजन पावती मागा, आधीच टेंडरमध्ये तशी अट टाका.

तुम्हाला एक विनंती आहे, बाजारभाव छापता तशी महिन्यातून एकदा छोटी चौकट यासाठी द्या. विभागवार सहा ओळी बास झाल्या, पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड, पूर्व, पश्चिम. रजिस्टरचे रकाने कसे पाडायचे ते मी बसून आखून देईन, मोबदला नको.

आपला नेहमीचा वाचक,
सिडको, नाशिक