साओ पाउलोचे नाव घेताना काट्याशेजारची प्रयोगशाळाही पाहावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने गाठल्यापासून आपल्या दैनिकात उसाविषयी पुष्कळ लेखन येत आहे आणि त्यातील बहुतेक लेखांत कुठे ना कुठे ‘ब्राझीलने करून दाखवले’ हे वाक्य असतेच. ते खोटे नाही. परंतु ब्राझील म्हणून आपल्याला जे सांगितले जाते, ते मोठ्या अंशी साओ पाउलो या एकाच राज्यात घडले आहे. तिथल्या शेतीची आणि कारखानदारीची सांगड कशी बसली आणि शेतकऱ्याला त्याच्या उसातील साखरेवर पैसे कसे मिळू लागले, हे समजून न घेता केवळ मिश्रणाच्या टक्केवारीचा दाखला देत राहणे ऊस उत्पादकावर अन्याय करणारे आहे, असे मला वाटते, म्हणून हे पत्र.

मी सांगली जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या रसायनशाळेत ३१ वर्षे काम केले आणि चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झालो. २००९ च्या ऑगस्टमध्ये एका अभ्यासगटाबरोबर मला साओ पाउलोच्या ऊसपट्ट्यात दहा दिवस राहता आले. आपल्याकडे साओ पाउलो म्हटले की शहरच डोळ्यांसमोर येते. राज्याचे क्षेत्रफळ मात्र सुमारे २ लाख ४८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चार-पंचमांश आहे आणि २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेचार कोटींच्या आत आहे. एवढ्या प्रदेशात ब्राझीलच्या एकूण अर्थव्यवस्थेचा जवळजवळ तिसरा हिस्सा सामावलेला आहे आणि देशातील निम्म्याहून अधिक ऊसही तिथेच पिकतो.

ऊसपट्ट्यातील रिबेइराव प्रेतो शहराच्या आसपासची जमीन पाहिली तेव्हा प्रथम नवल वाटले ते तिच्या रंगाचे. तांबडीलाल, बुटाला चिकटली की धुऊनही न जाणारी. कॉफीच्या मळ्यांवर आलेले इटालियन मजूर तिला आपल्या भाषेत ‘तेर्रा रोस्सा’, म्हणजे तांबडी माती, म्हणत. ऐकणाऱ्यांनी त्याचे ‘तेर्रा रोशा’ केले, ज्याचा पोर्तुगीज अर्थ जांभळी माती असा होतो, आणि तेच नाव रूढ झाले. ही मातीही आपल्या काळ्या रानासारखी लाव्हारसाच्या बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. हवामानाच्या फरकाने एकाच जातीच्या खडकाची इथे काळी आणि तिथे तांबडी माती झाली. आणखी एक नाते आहे. आपल्या देशातील कोईमतूर केंद्राच्या को २९० आणि को ४१९ या उसाच्या जाती एके काळी साओ पाउलोच्या शेतांत लावल्या जात होत्या.

मात्र ते राज्य उभे राहिले कॉफीवर. सांतोस बंदरापासून सुमारे आठशे मीटर उंचीचा घाट चढून जुंदियाईपर्यंत जाणारी रेल्वे १८६७ मध्ये सुरू झाली, म्हणजे आपल्या बोरघाटानंतर चारच वर्षांनी. कॉफीचे मळे आधी गुलामांच्या श्रमावर चालत होते. १३ मे १८८८ रोजी ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली आणि त्यानंतर हजारो इटालियन कुटुंबे मजुरीला आली. १९०८ मध्ये पहिले जपानी जहाज सांतोसला लागले. या साऱ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती १८८७ ची नोंद. त्या वर्षी कांपिनास येथे कृषी संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९०१ मध्ये पिरासिकाबा येथे कृषी महाविद्यालय सुरू झाले. साओ पाउलोचे साखर कारखाने जगात नावारूपाला येण्याच्या कितीतरी आधी तिथे माती, बियाणे आणि रोगांचा अभ्यास करणारी माणसे पगारावर नेमलेली होती. पुढे जागतिक मंदीत कॉफीचे भाव इतके कोसळले की १९३१ ते १९४४ या काळात सरकारने सुमारे ७ कोटी ८० लाख पोती कॉफी नष्ट केली. परंतु कॉफीने आणलेले लोहमार्ग, वीज, पतपेढ्या आणि कुशल हात तिथेच राहिले आणि त्यांच्यावर कारखानदारी वाढली.

पिरासिकाबा येथे मारियो देदिनी या इटालियन स्थलांतरिताने १९२० मध्ये उसाच्या चरख्यांची दुरुस्ती करणारे वर्कशॉप घेतले. त्याच वर्कशॉपमधून साखर कारखान्यांची आणि डिस्टिलरींची यंत्रे बनवणारा मोठा उद्योग उभा राहिला. सेरताओझिन्यो हे गाव तर मिल, बॉयलर आणि टर्बाइन बनवणाऱ्यांचेच आहे. बोतुकातूच्या कारखान्यात बनणारे इपानेमा हे पिकांवर फवारणी करणारे विमान २००४ पासून इथेनॉलवर उडते. शेताची गरज आणि जवळचा कारखाना यांचे असे नाते तिथे जागोजागी दिसते. आपल्याकडे उसाचा पट्टा आणि किर्लोस्करवाडी, कोल्हापूरच्या फाउंड्र्या इतक्या जवळ असूनही ते तेवढे घट्ट का झाले नाही, हा प्रश्न मला परतीच्या प्रवासात सारखा पडत होता.

इथेनॉलच्या बाबतीतही गुळगुळीत गोष्ट सांगितली जाते. तेलाच्या भाववाढीनंतर १४ नोव्हेंबर १९७५ रोजी गाड्यांसाठी उसापासून अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, बनवण्याची ‘प्रोआल्कोल’ योजना जाहीर झाली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर नव्या दहा गाड्यांपैकी नऊ निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या होत्या, हे खरे आहे. परंतु १९८९-९० मध्ये साखरेला चांगला भाव आला, तेल स्वस्त झाले, कारखाने साखरेकडे वळले आणि पंपांवर अल्कोहोल मिळेनासे झाले. लोकांचा विश्वास इतका उडाला की पुढच्या काही वर्षांत अशा गाड्यांची विक्री जवळजवळ थांबली. २००३ मध्ये कोणत्याही मिश्रणावर चालणारी फ्लेक्स गाडी आली तेव्हा कुठे तो विश्वास परत आला, कारण पंपावर काय भरायचे हे आता ग्राहक स्वतः ठरवू लागला. कारखानाही बाजार पाहून ठरवतो; हंगामानुसार साखरेकडे जाणाऱ्या उसाचा वाटा साधारण ३५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हलत असतो. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये ऐन गळीत हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, तेव्हा नव्या डिस्टिलरीसाठी कर्ज काढून बसलेल्या कारखान्यांची काय अवस्था झाली, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सेरताओझिन्योजवळच्या एका कारखान्यात काट्यावरून उतरलेला उसाचा ट्रक गव्हाणीकडे, म्हणजे ऊस गाळपासाठी टाकतात तिकडे, जाण्याआधी एका लोखंडी चौकटीखाली थांबला. वरून पोकळ नळीचा एक सोंडेसारखा दांडा उसात खोल घुसला आणि नमुना घेऊन वर आला. शेजारच्या छोट्या प्रयोगशाळेत तो ऊस बारीक करून त्यातला बरोबर ५०० ग्रॅम चोथा हायड्रॉलिक प्रेसमध्ये घातला गेला; प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २५० किलो दाब, एक मिनिट. निघालेल्या रसाचे ब्रिक्स (विरघळलेले एकूण घन पदार्थ) आणि पोल (त्यातली साखर) मोजले, उरलेल्या ओल्या चोथ्याचे वजन करून तंतूचे प्रमाण काढले आणि त्यावरून त्या खेपेच्या एका टन उसात किती किलो साखर मिळू शकते, याचा आकडा त्या शेतकऱ्याच्या नावापुढे नोंदला गेला. प्रयोगशाळेत कारखान्याच्या माणसाबरोबर ऊस पुरवठादारांच्या संघटनेचा तंत्रज्ञ उभा होता. तो आमच्यासाठी थांबला नव्हता; त्याचे रोजचे कामच ते होते.

साओ पाउलोमध्ये उसातील साखरेवर पैसे देण्याची पद्धत १९८३-८४ च्या हंगामापासून आहे. नव्वदच्या दशकाअखेर सरकारने भाव ठरवणे सोडले तेव्हा शेतकरी आणि कारखानदार यांनी मिळून १९९९ मध्ये ‘कोन्सेकाना’ हे संयुक्त मंडळ स्थापन केले. साखर आणि इथेनॉल बाजारात कोणत्या भावाने विकले गेले, हे पाहून मंडळ मिळू शकणाऱ्या साखरेचा दर किलोमागे जाहीर करते आणि शेतकऱ्याचे बिल त्याच्या स्वतःच्या उसातील किलोंवर निघते. हंगामाच्या सुरुवातीला, उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण कमी असताना ज्याचा ऊस तोडला जातो, त्याचे नुकसान होऊ नये म्हणून आकड्यात दुरुस्तीही केली जाते. तिथले शेतकरी या सूत्रावर पूर्ण समाधानी आहेत, असे मी म्हणणार नाही. वाट्याच्या टक्केवारीवरून दोन्ही बाजूंत वाद होतात. पण वाद आकडे समोर ठेवून होतो.

आपल्याकडे एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के पायाभूत उताऱ्याला बांधलेली आहे आणि तो उतारा संपूर्ण कारखान्याचा सरासरी असतो. ज्याने आडसाली लावणीला दीड वर्ष जपले, पाचट कुजवले, पाणी वेळेवर तोडले आणि पक्व ऊस दिला, त्याला जो दर, तोच वाढ्यासकट कोवळा ऊस घातलेल्याला. मग चांगला ऊस पिकवण्यासाठी कोणी कशासाठी झटावे? नुसते टनेज वाढवायचे, ही सवय आपण आपल्या दर ठरवण्याच्या पद्धतीतून शेतकऱ्याला लावली आहे. माझ्या रसायनशाळेत रोज शेकडो पृथक्करणे होत, पण त्यांतील एकाचाही आकडा एखाद्या शेतकऱ्याच्या बिलावर गेला नाही, ही खंत मला आजही आहे.

आपल्या मोळ्या, बैलगाड्या आणि लहान खातेदार पाहता हे इथे अशक्य आहे, असे सांगितले जाते. तिथला बराचसा ऊस कारखान्यांच्या स्वतःच्या किंवा खंडाने घेतलेल्या जमिनीवरचा असतो आणि आपल्याकडे एकेका कारखान्याचे हजारो सभासद एक-दोन एकरांचे धनी असतात, हा फरक मला मान्य आहे. तथापि तिथेही ही पद्धत सुरू झाली तेव्हा ऊस हातानेच तोडला जात होता आणि आख्ख्या कांड्यांचाच येत होता. प्रत्येक गाडीचा नमुना जमत नसेल तर प्रत्येक प्लॉटच्या दोन-तीन खेपांचा घेता येईल.

साओ पाउलोचे दुसरे अंगही सांगितलेच पाहिजे. तिथल्या ऊसतोड मजुराला ‘बोइया-फ्रिया’ म्हणतात, म्हणजे गार जेवण जेवणारा. पहाटे बांधून आणलेला डबा दुपारी फडात तसाच खायचा. १९८४ च्या मे महिन्यात ग्वारिबा गावात या मजुरांनी मोठा संप केला, कारण एका वेळी पाचऐवजी सात ओळी तोडाव्यात, असा नियम कारखान्यांनी आणला होता. पुढे फड जाळून तोड करण्याला आळा घालणारा कायदा २००२ मध्ये झाला आणि २००७ च्या करारात कारखान्यांनी फड जाळणे बंद करण्याची मुदत यंत्र चालू शकणाऱ्या जमिनीसाठी २०१४ आणि इतर जमिनीसाठी २०१७ पर्यंत अलीकडे आणली. धूर कमी झाला, हे चांगले झाले. पण जळालेल्या फडाची जागा हार्वेस्टरने घेतली आणि एक यंत्र ८० ते १०० माणसांचे काम करते. मारान्याव, पियाउई अशा दूरच्या गरीब राज्यांतून दरवर्षी येणाऱ्या लाखो मजुरांपैकी काही हजारांनाच यंत्र चालवण्याचे किंवा दुरुस्तीचे प्रशिक्षण मिळाले. आमच्या भेटीत एका रस्त्याच्या डावीकडे हार्वेस्टर चालू होता आणि उजवीकडे काजळीने माखलेली माणसे कोयता चालवत होती. त्या माणसांच्या चेहऱ्यांत मला बीड आणि पाथर्डीकडची माणसे दिसली. आज आपल्या फडांत हार्वेस्टर वाढत आहेत. अनुदान यंत्राला मिळते, पण कोयता खाली ठेवणाऱ्या जोडप्यासाठी काय तरतूद आहे, हे कोणी विचारत नाही.

येत्या काही आठवड्यांत अनेक सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतील आणि अहवालात इथेनॉल विस्ताराचे प्रस्ताव असतील. सभासदांनी त्या वेळी उभे राहून दोनच प्रश्न विचारावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. विस्तारासाठी जितके कोटी मागितले आहेत, त्यातून काट्याशेजारी नमुना घेणारे यंत्र आणि प्रयोगशाळा उभी करायला किती लागतील. आणि त्या प्रयोगशाळेत सभासदांनी नेमलेल्या तंत्रज्ञाला रोज बसू दिले जाईल का? या प्रश्नांची जी उत्तरे मिळतील ती आपण आपल्या दैनिकात कारखान्यांच्या नावांसह छापावीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त चीफ केमिस्ट, जि. सांगली