नवी गाठ म्हणजे जुनाच कर्करोग असे गृहीत धरू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या फुफ्फुसात वर्षा-दोन वर्षांनी गाठ दिसली, की ‘आता पसरला’ असे घरचे लोक आपणच ठरवून टाकतात आणि पुढचा तपास तिथेच थांबतो. तंबाखू आणि मिश्री मुरलेल्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात हे वारंवार घडते. ती गाठ पसरलेल्या रोगाची असू शकते, तशीच दुसऱ्या, स्वतंत्र कर्करोगाचीही. कारण तंबाखू तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुफ्फुस यांपैकी कुणालाच सोडत नाही. शिवाय आपल्याकडे क्षयाची शक्यता असतेच.

एकाच रुग्णात दोन मूळ कर्करोग ठरवण्याचे निकष वॉरेन आणि गेट्स या अमेरिकी संशोधकांनी १९३२ मध्येच मांडले आहेत: दोन्ही गाठी कर्करोगाच्याच असाव्यात, त्या एकमेकींपासून वेगळ्या असाव्यात आणि एक दुसरीतून पसरलेली नाही याची खात्री व्हावी. खरी कसोटी लागते ती या तिसऱ्या निकषाला. गालाचा कर्करोग बहुधा स्क्वॅमस, म्हणजे अस्तरातील चपट्या पेशींचा असतो. फुफ्फुसात मात्र अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींचा कर्करोग) आढळला आणि टीटीएफ-१ (फुफ्फुसाच्या पेशींत आढळणारे एक प्रथिन) चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तो फुफ्फुसाचाच रोग मानायला भक्कम आधार मिळतो. पण दोन्हीकडे स्क्वॅमसच निघाला, तर सूक्ष्मदर्शकाखालीही निर्णय अवघड होतो, आणि मग जुन्या गाठीच्या स्लाइड (काचपट्टीवरचे नमुने) नव्यांशेजारी ठेवून, गाठींची संख्या, जागा आणि मधला काळ पाहूनच मत द्यावे लागते. पेट स्कॅन गाठ दाखवतो. तिचे मूळ सांगत नाही.

हा नुसता काथ्याकूट नव्हे. फुफ्फुसात पसरलेला रोग चौथ्या स्टेजचा धरला जातो. दोन स्वतंत्र रोगांची स्टेज मात्र वेगवेगळी ठरते, आणि दोन्ही लवकर सापडले तर दोन्हींवर बरे करण्याच्या हेतूने उपचार करता येतात. ‘सुई टोचली की पसरतो’ या भीतीपोटी बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणे) नाकारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

शस्त्रक्रिया मिरजेला किंवा मुंबईला आणि पुढची तपासणी कोल्हापुरात, हे आपल्याकडे नेहमीचेच. फाइल घरी जपली जाते, पण पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) व स्लाइड लॅबमध्येच राहतात आणि ऐन वेळी त्या मिळवताना नातेवाइकांची धावपळ होते. ब्लॉक कोठे आहेत, किती काळ जपले जातील आणि ते कसे मागायचे, हे प्रत्येक रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डावरच मराठीत लिहून द्यावे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाने याचा पायंडा पाडावा, अशी विनंती आहे.

— एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, कोल्हापूर