काका, कील उचलायला शिकवलंत त्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आमच्या कॅटालिना २२ या शिडाच्या होडीची झुलती कील (तळाखाली लोंबणारं जड पातं) तारेने वर उचलणारं सगळं सामान तुम्ही आम्हां तिघांकडून खोलून, तपासून, पुन्हा बसवून घेतलंत. त्याचे आभार जाहीर मानतोय, कारण अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या उथळ पाण्यात अशा जुन्या होड्या पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मालकांनाही हे उपयोगी पडेल.

पहिले आभार, नुसती तार बदलून भागेल हे तुम्ही मान्य केलं नाहीत म्हणून. बिडाची ही कील सुमारे २५० किलोची. ती जवळजवळ सरळ खाली लोंबते तेव्हा बहुतेक वजन ती जिच्यावर झुलते त्या पुढच्या पिनवर असतं; वर येऊन आडवी होऊ लागली की तारेवरचा ताण वाढत जातो. पाण्यात बिडाचं वजन सातव्या हिश्शाने कमी भरतं, ट्रेलरवर तीही सवलत नाही. म्हणजे तार तुटलीच तर बहुधा कील वर असताना, आणि मग कील आपटून होडीचा तळ फुटू शकतो. पण तार लवकर का झिजते? पिन झिजून भोक लांबट झालं की कील डावीउजवीकडे हेलकावते आणि तार प्रत्येक वेळी तिरकी घासते. नांगरावर रात्रभर येणारा ठक् ठक् आवाज त्याचाच. तारेचं दुखणं पिनपासून सुरू होतं, हे तुमच्याकडून कळलं.

कील काढायची तुमची पद्धत इथे लिहूनच ठेवतो. कील ट्रेलरवरच्या जाड लाकडी ठोकळ्यांवर टेकवायची, दोन्ही बाजूंनी बांधायची, तार पूर्ण ढिली झाल्याची खात्री करायची. मगच हँगरचे (पिन धरणाऱ्या कंसांचे) चारही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने सैल करायचे आणि होडी पट्ट्यांवर उचलायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरायचं नाही. भोक मोठं, गोल आणि सरळ बोअर करून त्यात बुश (आत बसणारी नळी) दाबायचा, एक इंची पिन नवी घालायची. कील आणि हँगर यांच्या फटीत दोन्हीकडे सारखे वॉशर. फार घट्ट केलं तर कील आपल्या वजनाने खाली येणार नाही. स्टेनलेस बोल्ट कोरड्या आट्यांवर आवळले तर जाम होतात, म्हणून टेफ-जेल हे जाम होऊ न देणारं मलम लावायचं.

तार ३/१६ इंची, म्हणजे दीड सूत, ७x१९ ची: सात पेड, प्रत्येकात १९ तारा. शिडाच्या खांबाला वापरतात ती १x१९ जाडीला तीच आणि ताणाला जास्त मजबूत, म्हणून अनेकांना मोह होतो. पण ती ताठ असते आणि वळणावर एकेक तार तुटत जाते. तार कीलला जोडणारं खालचं फोर्क (दुबेळकं) टोक कारखान्यात दाबलेलंच घ्यावं, घरी क्लिपा लावून नव्हे. त्या टोकातून जाणारी क्लेव्हिस पिन आणि ती निसटू न देणारी स्प्लिट पिनही नवी. जुन्या तारेवरून चिंधी फिरवून बघायची तुमची युक्ती फार चांगली. अडकली की तार बाद.

तार जिच्यातून केबिनमध्ये येते त्या रबरी होजकडे (नळीकडे) आमच्यासारख्यांचं लक्षच जात नाही. ती फाटली तर पाणी थेट केबिनमध्ये येतं, म्हणून प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प. शिवाय आत अडकलेल्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी पडला की स्टेनलेसही गुपचूप खाल्लं जातं; बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या तारेवर विश्वास ठेवू नये.

तार ड्रमवर गुंडाळणाऱ्या विंचबद्दल थोडक्यात: दात्यांना ग्रीस, ब्रेकच्या चकत्यांना अजिबात नाही. कील पूर्ण खाली असतानाही ड्रमवर किमान तीन वेढे राहिले पाहिजेत. ब्रेक नसलेल्या विंचचं हँडल सुटलं तर ते गरगर फिरतं आणि मनगट मोडू शकतं, हे पाहुण्यांना आधी सांगायचं. शीड चढवल्यावर तार गुणगुणू लागली तर ताण थोडा कमीजास्त करून बघायचा. आवाजाचा त्रास सोसवेल, पण त्या थरथरीने खालची पिन झिजते.

तुमचा रीमर (भोक नीट गोल करायचं हत्यार) तेल लावून शेडमध्ये ठेवला आहे. उरलेले दोन वॉशर त्याच डब्यात आहेत, कोणाला लागले तर द्यावेत.

कळावे, लोभ असावा.
आपले,
होडीचे तिघे भागीदार